निवळी

निवळी बसवल्याला पाच महिने झाले तेव्हा त्रिशलाच्या एकदम लक्षात आलं, की आपण नवऱ्याला एकांतातही ‘अहो’ म्हणायला लागलो आहोत.

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. सासूसमोर, चारचौघांत ‘अहो’ आणि खोलीचं दार लागलं की ‘तू’, हा दोघांचा पहिल्या आठवड्यापासूनचा रिवाज. तो कुणी ठरवलेला नव्हता, आपोआप पडला होता आणि आता आपोआपच मोडला होता. दार अजूनही लागायचं, पण दाराच्या आत आणि बाहेर असा काही फरकच उरला नव्हता. सन्मती पलंगाच्या त्याच्या बाजूला उताणा पडायचा आणि दोन मिनिटांत त्याचा श्वास एका लयीत चालू व्हायचा. तिने त्याच्या हातावर हात ठेवला तर तो हात काढून घ्यायचा नाही, पण दाबायचाही नाही.

मिरजेहून बेडगकडे जाणाऱ्या रस्त्याला मगदुमांची द्राक्षकलमांची रोपवाटिका होती. खुंटावर काडी बांधून कलमं विकायची, हा घरचा धंदा. सन्मतीचा जीव मात्र मागच्या अर्ध्या एकरात होता. तिथे तो एक नवी जात करत होता. ऐन पिकण्याच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तरी मणी तडकणार नाहीत, असं द्राक्ष त्याला हवं होतं. फुलोऱ्याच्या दिवसांत तो डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचा, ब्रशने दुसऱ्या वेलीचे पराग लावायचा आणि घडावर कागदी पिशवी बांधायचा. त्या बीची वेल व्हायला आणि फळ धरायला तीन वर्षं जायची. मग तो एक मणी तोंडात टाकायचा, बहुतेक वेळा थुंकायचा आणि वेल उपटून टाकायचा. हे अकरा वर्षं चाललं होतं. दोघांना मूल झालं नव्हतं. ते दुःख दोघांनी केव्हाच वाटून घेऊन संपवलं होतं. सन्मतीला खाण्याचा शौक होता, भांडणाचा होता, भर स्वयंपाकघरात मागून येऊन बायकोच्या मानेत नाक खुपसण्याचाही होता.

अडतिसाव्या वर्षी त्याला आजाराने धरलं. कारण शोधणाऱ्यांना कारण सापडलं नाही. तो बोलेनासा झाला, अंघोळ करेनासा झाला, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. चार प्रकारची औषधं झाली, विजेचे झटके झाले. दोनदा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला तो अतिदक्षता विभागात बेशुद्ध असताना डॉ. नसरीन मुजावर त्रिशलाला बाजूला घेऊन गेल्या आणि त्यांनी तिला निवळीबद्दल सांगितलं.

गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ तळाला बसतो. त्यावरूनच त्या उपकरणाचं नाव ठेवलं होतं. मागच्याच वर्षी त्याला देशात मान्यता मिळाली होती. डॉक्टर म्हणाल्या, एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. हवंसं वाटण्याचं काम खोलवर, शेंगदाण्याएवढ्या एका भागात चालतं. माणसाला काही हवंसं वाटतं, त्याच्या अगदी क्षणभर आधी तिथे एक लाट उठते. मरावंसं वाटणं हीसुद्धा अशीच एक लाट. निवळीच्या केसाहून बारीक तारा ती लाट ओळखतात आणि अगदी सूक्ष्म वीज सोडून ती मोठी व्हायच्या आत विझवतात.

त्रिशलाने विचारलं होतं, की मरणाचीच लाट विझणार आणि बाकीच्या राहणार, हे यंत्राला कसं कळतं. डॉक्टर म्हणाल्या, यंत्र शिकतं. त्या वेळी त्यांचाही त्यावर विश्वास होता. त्रिशलाने सही केली.

आणि निवळीने काम केलं. तिसऱ्या आठवड्यात सन्मती उठून बसला. घरी आला, कामाला लागला. दर रविवारी तीन तास एक टोपी डोक्याला घालून बसायचं, म्हणजे आतलं यंत्र आठवडाभरासाठी भारित व्हायचं. बस, एवढंच पथ्य. तो चिडेना, रडेना, कुणाला दुखवेना. लोक म्हणाले, चमत्कार झाला. त्रिशलाही म्हणाली.

मे महिन्यात तिने त्याच्यापुढे आंब्याच्या फोडी ठेवल्या. तो बघत बसला. तिने एक फोड त्याच्या तोंडात घातली तेव्हा त्याचा चेहरा उजळला, डोळे मिटले, म्हणाला छान आहे. ती आत जाऊन आली तर बाकीच्या फोडी तशाच होत्या. त्याला आंबा आवडत होता, पण हवा नव्हता. तिने उभ्याउभ्याच ताटली उचलली आणि तिला कळलं, की आपलंही असंच झालं आहे. आपण त्याला आवडतो, पण हव्या नाही आहोत.

हे कुणाला सांगावं ते तिला कळेना. चाळिशीच्या बाईने डॉक्टरसमोर बसून, नवरा जवळ येत नाही, हे कसं सांगायचं? दर तीन महिन्यांनी इस्पितळात चाळीस प्रश्नांचा एक कागद भरून घेत. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात लक्ष लागतं का. त्यात एकतिसावा प्रश्न शरीरसंबंधाच्या इच्छेबद्दलचा होता. नर्स तिथे यायची, घसा खाकरायची आणि म्हणायची, हे नॉर्मलच लिहिते हं. त्रिशला मान हलवायची. दोघींनाही सुटल्यासारखं वाटायचं.

भाद्रपदात सन्मतीचे वडील गेले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. सन्मतीने सगळं रीतसर केलं. खांदा दिला, पाहुण्यांना चहा विचारला, आईजवळ बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या धीराचं कौतुक केलं. त्याची आई, चंपाबाई, जिला सगळे आक्का म्हणत, ती आयुष्यभर जैन मुनिमहाराजांच्या पाया पडत आलेली, चातुर्मासात एकवेळ जेवणारी बाई. ती आल्यागेल्याला सांगायला लागली, की माझ्या सन्मतीला वैराग्य आलंय. त्या वर्षी फुलोरा आला आणि गेला. मागच्या अर्ध्या एकरात एकाही घडाला पिशवी बांधली गेली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये त्रिशला दोन दिवस माहेरी, जयसिंगपूरला गेली होती. आक्का गुडघ्यांमुळे माडीवर येत नसत. त्यांनी दोन्ही दिवस जेवायला हाक मारली, सन्मतीने येतो म्हणून सांगितलं आणि तो आला नाही. त्रिशला परतली तेव्हा तो खोलीत खुर्चीवर बसलेला होता. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या होता. एक्केचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दोन दिवस त्याने त्यातलं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. का, म्हणून तिने विचारलं, तर तो म्हणाला, “कुणी दिलं नाही.” त्यात तक्रार नव्हती. जे झालं ते त्याने सांगितलं.

इस्पितळात सलाईन लावलं आणि डॉ. मुजावरांनी सगळ्या तपासण्या करायला सांगितल्या. अहवाल आले. सन्मतीची हाडं पासष्टीच्या माणसासारखी ठिसूळ झाली होती, स्नायू झडले होते, पुरुषी संप्रेरक जवळजवळ तळाला गेलं होतं. मग त्यांनी त्रिशलाला एकटीला आत बोलावलं, दार लावलं आणि एकतिसावा प्रश्न विचारला.

त्रिशलाने पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. बोलता बोलता ती रडली.

“कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून.”

डॉक्टरांनी कपाळावर हात ठेवला. मग त्यांनी तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. शेताला येतो तो पाट एकच असतो. त्याला चाऱ्या फुटतात, कुठली उसाला जाते, कुठली भाजीला. मेंदूतली ओढही तशीच एकच आहे. भूक, तहान, कुतूहल, कामाची हौस, जोडीदाराच्या शरीराची इच्छा, सगळ्यांचं पाणी एकाच पाटातलं. त्यात शरीराच्या इच्छेची चारी सगळ्यात वरची आणि सगळ्यात मोठी. पाटाचं पाणी तुटायला लागलं की पहिली तीच कोरडी पडते. म्हणून ती इच्छा म्हणजे शेजघरापुरती गोष्ट नव्हे. नाडी बघतात तशी ती बघायला हवी. त्या इच्छेच्या जागेहूनच खालच्या ग्रंथींना निरोप जातात. निरोप थांबले की रक्त, हाडं, स्नायू सगळे हळूहळू काम सोडतात. सन्मतीच्या मेंदूत मरणाची लाट आणि बाकीच्या लाटा इतक्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या, की यंत्राने सरसकट सगळ्याच विझवायला शिकून घेतलं.

“चाचण्यांमध्ये हे कुणालाच दिसलं नाही,” त्या म्हणाल्या. “पहिली खूण दिसायला हवी होती एकतिसाव्या प्रश्नात. आणि तो प्रश्न बहुतेक ठिकाणी कुणी विचारलाच नाही. माझ्या विभागातसुद्धा.”

त्रिशलाने विचारलं, पुढे काय होणार. डॉक्टर म्हणाल्या, तो जीव देणार नाही. पण एखाद्या साध्या आजारात जगायची धडपडही करणार नाही. संप्रेरकाची इंजेक्शनं त्यांनी दिली. हाडांना थोडा आधार मिळाला. ओढ आली नाही.

त्या पावसाळ्यात गावातल्या मंदिरात एका साध्वी माताजींचा चातुर्मासाचा मुक्काम होता. आक्का मुलाला घेऊन त्यांच्या दर्शनाला गेल्या. माताजींनी त्याला विचारलं, की तुला सोडायला सगळ्यात अवघड काय गेलं. सन्मती विचार करून म्हणाला, काहीच नाही. त्यांनी विचारलं, मग कशाची आठवण येते. तो म्हणाला, येत नाही. माताजींनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि आक्कांना म्हणाल्या, “बाई, हे वैराग्य नाही. याला दवाखान्यात दाखवा.”

घरी येऊन आक्का देवघरासमोर बसून राहिल्या. संध्याकाळी त्रिशलाला म्हणाल्या, की जे काही करायचं असेल ते कर, मी आड येणार नाही.

पण करणं सोपं नव्हतं. नातेवाइकाच्या सहीने बसवलेली निवळी बंद करायची, तर रुग्णाने स्वतः तशी इच्छा सांगायला हवी, असा कायदा होता. त्यालाही कारण होतं. पहिल्या वर्षी काही घरांत यंत्र मुद्दाम बंद करून माणसाला परत आजारात ढकललं होतं. त्यामुळे पुण्याच्या तीन जणांच्या समितीपुढे रुग्णाला विचारत आणि त्याच वेळी यंत्राच्या नोंदी पडद्यावर बघत. बोलणं पढवता येतं, लाट पढवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या सुनावणीला समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, यांनी अगदी मायेने विचारलं, की तुम्हाला हे यंत्र बंद करून हवं आहे का. सन्मती म्हणाला, “हरकत नाही.” दुसऱ्या वेळी त्रिशलाने मिरज ते पुणे रस्ताभर त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याने विचारल्याबरोबर सांगितलं, “मला हवं आहे.” तिच्याच आवाजात, तिच्याच चढउतारासकट. पडद्यावरची रेषा सपाट होती. त्रिशलाला शरमेने वर बघवेना.

डॉ. मुजावर तिथे जवळजवळ भांडल्या. लाट विझवणारं यंत्र बसवायचं आणि मग लाटेचा पुरावा मागायचा, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, त्यांना ते समजतं, पण उद्या दुसरं कुणी येईल आणि त्याच्या घरच्यांचा हेतू वेगळा असेल. अर्ज फेटाळला गेला.

परतीच्या वाटेवर सन्मती खिडकीबाहेर बघत होता. त्रिशलाने त्याला जेवायचं का विचारलं नाही. साताऱ्याच्या पुढे तिने गाडी थांबवली, स्वतःच्या हाताने त्याला भाकरीचे घास भरवले आणि तेव्हाच तिचं ठरलं.

टोपी तिच्याच ताब्यात असायची. ती भारित करायची नाही, एवढंच. दहाव्या दिवशी यंत्र मंदावेल, चौदाव्या दिवशी थांबेल. तिने डॉक्टरांना सांगितलं. लपवून करायचं तिला धाडस नव्हतं. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, की आजार परत येऊ शकतो, बहुतेक येईलच, आणि तिसऱ्या वेळी तो वाचेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

“मी परवानगी देऊ शकत नाही, त्रिशला. पण रोज सकाळी आठ वाजता तुमचा फोन उचलू शकते.”

तिने सन्मतीलाही सांगितलं. तो म्हणाला, बरं. ऑक्टोबरची छाटणी आटपली होती. कार्तिक लागला होता.

अकराव्या दिवशी सकाळी सन्मतीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “साखर कमी आहे.” त्रिशला जागच्या जागी उभी राहिली. त्याने परत जरा चिडून विचारलं, की साखर आहे का घरात. तिने डबाच त्याच्यासमोर नेऊन ठेवला. दुपारी त्याने मागून तिसरी भाकरी घेतली. बाराव्या दिवशी पाण्याची मोटर चालू राहिली म्हणून तो आरडाओरडा करत बाहेर गेला. तेराव्या दिवशी तो आक्कांच्या खोलीत गेला. भिंतीवर आप्पांचा फोटो होता. त्याने तो रोजच पाहिला होता. त्या दिवशी तो फोटोसमोर थांबला आणि एकदम खाली बसला.

“आक्का, आप्पा गेले गं,” तो म्हणाला.

आप्पांना जाऊन चौदा महिने झाले होते. सन्मती आईच्या मांडीत डोकं घालून, बातमी आत्ता कळल्यासारखा, मोठमोठ्याने रडला. आक्काही रडल्या. इतके दिवस त्या नवऱ्यासाठी एकट्याच रडत होत्या. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि दारातल्या सुनेला त्यांनी हातानेच जवळ बोलावलं.

पुढचे तीन आठवडे त्रिशला नंतर कितीतरी वेळा मनात घोळवत राहिली. सन्मती पहाटे उठून मागच्या अर्ध्या एकरात जायला लागला. वेलींना फुलोरा येत होता. त्याने भिंग शोधून काढलं, पिशव्या कापल्या, कुठली वेल कुठल्या वेलीला द्यायची त्याच्या याद्या केल्या. एका दुपारी त्रिशला त्याचं जेवण घेऊन गेली. तो गुडघ्यावर बसून काम करत होता. बोटांवर पिवळी पूड होती. त्याने वर बघितलं आणि बघतच राहिला. दोन वर्षं ती त्या नजरेची वाट बघत होती, आणि आता ती समोर आली तर तिलाच खाली बघावंसं वाटलं. डबा तिथेच राहिला. अवजारांच्या खोलीचं दार त्याने आतून लावलं. नंतर तिच्या मानेवर पिवळे डाग पडले होते. ते पुसू नकोस म्हणाला. ती हसली.

“तू फार वाळलायस,” ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण ‘तू’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आठच्या फोनवर डॉक्टरांनी काय काय परत आलं ते विचारलं. त्रिशला म्हणाली, एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर हो आहे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्रिशला स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. सन्मती आला, फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली त्याने तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “ही तुझ्याकडे राहू दे.”

तिला समजायला वेळ लागला नाही. किती दिवसांपासून, म्हणून तिने विचारलं.

“चार.”

“सांगितलं नाहीस.”

“आत्ता सांगतोय.” तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. “मला तू हवी आहेस. त्या पिशव्यांमधलं बी हवंय. आक्काच्या हातचं खायला हवंय. आणि हे सगळं हवं असताना मरायचंपण आहे. दोन्ही खरं आहे, त्रिशा. एकाला घट्ट धरलं म्हणून दुसरं सोडत नाही.”

डॉक्टरांनी त्याच दिवशी औषधं सुरू केली. त्रिशला आणि आक्का यांनी पाळ्या लावल्या. सन्मती एकटा राहणार नाही, एवढं एकच काम घरात उरलं. तो प्रामाणिकपणे गोळ्या घेत होता, अंगणात चालत होता, सकाळच्या फोनवर आता स्वतः बोलत होता. तरी दिवसागणिक तो आत आत जात होता. वजन उतरलं. पिशव्या बांधायचं काम अर्ध्यावर राहिलं. आठव्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून झोपला. नवव्या दिवशी त्याने टोपी मागितली.

त्रिशला नाही म्हणाली. अजून चार दिवस बघू, औषधांना वेळ लागतो, मुंबईला नेऊ, दुसरे डॉक्टर बघू. ती एकामागून एक सांगत सुटली आणि सांगताना तिला आपलाच आवाज ऐकू येत होता. त्याला वाचवण्यासाठी आपण बोलत नाही, आपल्याला तो परत गमवायचा नाही म्हणून बोलतो आहोत, हे तिला कळत होतं. तरी तिला थांबता येत नव्हतं.

सन्मतीने तिचे दोन्ही हात धरले.

“मरायचं असतं तर मागितली नसती. जगायचंय म्हणून मागतोय.”

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावरांनी इस्पितळातूनच समितीशी पडद्यावर बोलणं घडवलं. टोपी केवळ नोंद घेण्यापुरती लावली. अध्यक्षांनी या वेळी एवढंच विचारलं, की तुम्हाला काय हवं आहे. सन्मतीने बोलायला तोंड उघडलं आणि तो बोलायच्या आतच पडद्यावरची रेषा उसळून वर गेली. अध्यक्ष चष्मा काढून ती बघत राहिले.

सन्मती म्हणाला, त्याला निवळी आत्ता चालू करून हवी आहे आणि पुढच्या कार्तिकात बंद करून हवी आहे. दर वर्षी तसंच. आजार लगेच उलटत नाही, महिनाभर तरी उसंत देतो, हे त्याने पाहिलं होतं. तेवढा महिना त्याला फुलोऱ्यात हवा होता. कार्तिकात त्याला विचारू नये, कारण तेव्हा तो हरकत नाही असंच म्हणेल. आज जो बोलतो आहे त्याचं ऐकावं.

समितीकडे असा अर्जच नव्हता. तिघांत बराच वेळ बोलणं झालं. शेवटी डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर सन्मतीचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, त्याने सही केली, त्रिशलाने केली. अध्यक्ष म्हणाले, हे मंजूर करायचा त्यांना अधिकार नाही, पण ते फेटाळतही नाहीत. निवळी मधला महिनाभर बंद कशी पडली, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

घरी आल्यावर सन्मती आधी आक्कांच्या पाया पडला. मग माडीवर जाऊन खुर्चीत बसला. त्रिशलाने टोपी त्याच्या डोक्याला घातली. दुपारचे तीन वाजले होते. यंत्र पूर्ण जागं व्हायला तीन तास लागणार होते.

“आता बोलून घेतो,” तो म्हणाला.

त्याने आधी कामाचं सांगितलं. सव्वीस घडांना पिशव्या बांधल्यात. फळ तयार झालं की बी काढ, धू, सावलीत वाळव, प्रत्येक पुडीवर दोन्ही वेलींचे आकडे लिही. मला दाखवायला आणू नकोस, मी छान आहे म्हणेन. तीन वर्षांनी चाखायची वेळ कार्तिकात येणार नाही, म्हणून चाखायचं तुलाच. आंबट असेल तर माया करू नकोस, उपट. मग तो पाण्याबद्दल बोलला. माझ्या हातात भांडं देत जा, शेजारी ठेवू नकोस. मग म्हणाला, कोल्हापूरला जाऊन झणझणीत मिसळ खावीशी वाटते. आंबोलीला आपण पहिल्यांदा गेलो होतो तिथे परत जावंसं वाटतं. तुझे केस मोकळे बघावेसे वाटतात. तिने केस सोडले. त्याने हात पुढे करून ते मुठीत धरले आणि तिला जवळ ओढलं.

“मला तू हवी आहेस, हे तिकडे असताना मला माहीत नसणार. तू लक्षात ठेव.”

ती हो म्हणाली.

पाचच्या सुमाराला त्याची वाक्यं तुटक व्हायला लागली. आधी मरणाची सावली त्याच्या कपाळावरून उतरली. आठवडाभर आवळलेला जबडा सैल पडला. त्रिशलाला क्षणभर फार हलकं वाटलं. मग त्याच्या मुठीतले तिचे केस एकेक करून सुटले. तो मिसळीबद्दल काहीतरी सांगत होता, मध्येच थांबला आणि पुढचं सांगायची त्याला गरज वाटली नाही. सहा वाजता यंत्राचा हिरवा दिवा लागला. तिने टोपी काढली, पुसली, डब्यात ठेवली. त्याच्या हातात पाण्याचं भांडं दिलं. तो प्याला. त्याने तिच्याकडे प्रेमळपणे बघितलं.

ती जिना उतरून खाली आली. आक्का पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वर जिन्याकडे बघितलं आणि मग सुनेच्या मोकळ्या केसांकडे.

“गेला?”

“गेला.”

आक्कांनी पदराने डोळे टिपले आणि सरकून तिला शेजारी जागा करून दिली.

“कधी येतो म्हणाला?”

“कार्तिकात,” त्रिशला म्हणाली आणि त्यांच्याजवळ बसली.